बिनटाचेचा मोजा

डॉक्टरीणबाईंनी मला गोळ्या लिहून दिल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांनी माझ्या दंडाभोवतीचा पट्टा सोडला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मिलिवॉय साहेब, तुमचा रक्तदाब तुमच्यासारखाच आहे. एका जागी ठरत नाही. उद्याचा दिवस घरी शांत बसा. काही म्हणजे काही करू नका."

आता, ज्या माणसाने व्हर्शात्स गावच्या जमीन मोजणी कार्यालयात सगळी हयात घालवली, ज्याने द्राक्षमळ्यांच्या बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या मधोमध उभं राहून खुंट्या ठोकल्या, त्याला 'काही करू नका' सांगणं म्हणजे माशाला 'जरा कोरडा राहा' म्हणण्यासारखं आहे. निवृत्त झाल्यापासून मी घरातली प्रत्येक वस्तू एकदा तरी दुरुस्त केली होती. त्यांतल्या काही वस्तू त्याआधी चांगल्या चालत होत्या, असं माझी बायको विदा म्हणते. तो तिचा दृष्टिकोन झाला.

विदाला नेमकं त्याच दिवशी पांचेव्होला जायचं होतं. तिच्या बहिणीच्या, कोसाराच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं. सकाळी कोट चढवता चढवता तिने मला खुर्चीत बसवलं आणि सूचना दिल्या.

"दुपारी रोपांना पाणी घाल. थोडंच. खिडकी बोटभर उघडी ठेव. कोबीचं सार गरम करून घे."

"बरं."

"आणि त्या मोज्याला हात लावायचा नाही."

तो मोजा कोचावरच्या टोपलीत पडला होता. विदाच्या महिला मंडळाने सबंध हिवाळाभर वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांसाठी लोकरीचे मोजे विणले होते. दुसऱ्या दिवशी, संत जॉर्जच्या सणाला, सगळ्या बायका तिथे जाणार होत्या. प्रत्येक म्हाताऱ्याला मोज्यांचा एक जोड आणि दह्याच्या रिकाम्या पेल्यात लावलेलं मिरचीचं एक रोप. रोपं आमच्या खिडकीत वाढली होती, कारण आमची खिडकी दक्षिणेला आहे आणि कारण मला नाही म्हणता येत नाही. ऐन वेळी आश्रमात एक नवीन बाई दाखल झाल्या, मार्गितबाई. त्यांच्यासाठी विदाने घाईघाईने निळसर करड्या लोकरीचा जोड विणायला घेतला होता. एक मोजा पुरा झाला होता. दुसऱ्याचं फक्त पंजाचं टोक उरलं होतं.

"संध्याकाळी आले की तासाभरात होईल," विदा म्हणाली. "नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात वगळलं असं वाटायला नको. कळलं?"

"मी काय लहान आहे?"

तिने टोपली कोचाच्या पार पलीकडच्या टोकाला सरकवली आणि ती गेली.

मी शांत बसलो. घड्याळ टिकटिकत होतं. फ्रिज गुरगुरून थांबला. मी डावा पाय उजव्यावर टाकला, मग उजवा डाव्यावर. शांतता ही फार आवाज करणारी गोष्ट आहे, हे मला तेव्हा कळलं. मग माझी नजर रोपांवर गेली, आणि मी दचकलो.

सगळी रोपं वाकडी होती.

म्हणजे उजेडाकडे कललेली होती, हे मलाही दिसत होतं. पण आयुष्यभर ओळंबा लावून उभी रेघ पाहिलेल्या माणसाला समोर पन्नाससाठ मिरच्या एकाच दिशेला झुकलेल्या बघवत नाहीत. मी उठलो (उठणं म्हणजे काही करणं नव्हे) आणि एकेक पेला उलट फिरवला. आता त्या सगळ्या माझ्याकडे झुकल्या, जणू माझीच चौकशी चालली होती. मी खिडकी उघडून विचार करू लागलो.

"शेजारी!" खालून हाक आली. तळमजल्यावरचा गाव्रा अंगणात द्राक्षवेलीची छाटणी करत होता. गाव्राने उमेदीच्या काळात बस चालवली, त्यामुळे तो कुणाशीही बोलताना शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलतो. "शेजारी, ती रोपं घरात ठेवून त्यांची राजकन्या करताय तुम्ही! बाहेर काढा, गॅलरीत. ऊन-वारा लागू दे. उद्या जमिनीत जायचंय त्यांना, कॉलेजात नाही!"

हे मला पटलं. पण तेवढ्यात वरच्या गॅलरीतून पेर्सिदा आजींचं डोकं बाहेर आलं. पेर्सिदा आजींना आता नीट दिसत नाही, पण उघडी खिडकी त्यांना भिंतीपलीकडूनही कळते.

"मिलिवॉय! खिडकी उघडलीस? आणि स्वयंपाकघराची पण उघडीच असणार! आरपार वारा जाईल, पोरा! माझ्या नणंदेचं तोंड असंच वाकडं झालं होतं. सरळ झालं ते थेट शवपेटीत!"

आमच्या गावात माणूस युद्धातून वाचतो, दारूतून वाचतो, पण दोन खिडक्यांमधून आरपार जाणाऱ्या वाऱ्यातून वाचत नाही, अशी सर्वांची श्रद्धा आहे. माझीही आहे, कबूल करत नाही एवढंच. मी सुवर्णमध्य काढला. रोपं गॅलरीत ठेवली, खिडक्या लावून टाकल्या आणि गॅलरीचं दार ओढून घेतलं. दोन्ही पक्षांचं समाधान. मोजणी खात्यात याला तडजोड म्हणतात आणि तिच्यावर दोघांचाही राग असतो.

मी परत खुर्चीत बसलो आणि कोशावा सुटला.

कोशावा वारा आमच्याकडे येतो तेव्हा आधी कळवत नाही. गॅलरीच्या कठड्याला लागून मी पेले सरळ रांगेत लावले होते. ते थरथरू लागले. एक आडवा झाला, मग दुसरा. त्यांना बांधणं भाग होतं. सुतळी शोधली. सुतळी मी मागच्याच आठवड्यात, कपाट आवरताना, कुठेतरी अतिशय सुरक्षित ठेवली होती. त्यामुळे ती मिळाली नाही. मिळाला तो टोपलीतला लोकरीचा गुंडा.

इथे कायद्याचा मुद्दा नीट समजून घ्या. विदाने मोज्याला हात लावू नको असं सांगितलं होतं. गुंड्याबद्दल तिने अवाक्षर काढलं नव्हतं. मोजा आणि गुंडा या माझ्या मते दोन स्वतंत्र मिळकती होत्या. मी गुंडा उचलला, गॅलरीत गेलो आणि कठड्याच्या गजाला पहिली गाठ मारली. मग पेल्याला वेढा, गजाला वेढा, पेल्याला वेढा. किती दिवसांनी हाताला काम मिळालं होतं! मी शीळ घालत होतो. शेवटचा पेला राहिला आणि गुंडा संपला. जराशी लोकर कमी पडली. मी दोरा ओढला. तो आला. आणखी ओढला. आणखी आला. चांगली लोकर कशी ताणली जाते, याचं मला कौतुक वाटलं. शेवटचा पेला बांधला आणि मागे वळून बघतो तर दोरा गॅलरीच्या दारातून आत, जमिनीवरून, कोचावर आणि टोपलीत गेला होता.

टोपलीत मोज्याचा पंजा नव्हता.

पंजा आता गॅलरीत होता, मिरच्यांच्या गळ्यात.

अजूनही वेळ गेलेली नव्हती, असं मी आजही म्हणतो. मी दोरा उलटा गुंडाळत आत आणला असता तर नुकसान पंजापुरतंच राहिलं असतं. पण कोशाव्याने तेवढ्यात एक असा झोत मारला की शेवटचा पेला, ज्याची गाठ मी कौतुकाच्या भरात सैल मारली होती, कठड्यावर चढला, क्षणभर थांबला, खाली डोकावला आणि गेला.

आत टोपलीतून एक सुई उडाली. टिंग. मग दुसरी. मी दोरा पकडायला धावलो, तो माझ्या बोटांतून सुळकन निसटला. जसजशी मिरची खाली जात होती तसतसा मोजा लहान होत होता. टाच गेली. घोट्याचा भाग गेला. मी टोपलीकडे धावलो, मग कठड्याकडे, मग पुन्हा टोपलीकडे, आणि शेवटी जे काही हाताला लागलं ते मुठीत गच्च धरलं. दोरा थांबला. मुठीत मोज्याचा वरचा काठ शिल्लक होता, मनगटात बांगडी घालावी तेवढा.

खाली दुसऱ्या मजल्यावर काचेवर टकटक ऐकू आली. मिरचीचा पेला तिहोमिर साहेबांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आपटत होता.

तिहोमिर साहेब आमच्या इमारतीच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष. त्यांनी खिडकी उघडली, पेल्याकडे पाहिलं, मग मान वर केली.

"मिलिवॉय साहेब, ही मिरची आपली का?"

"हो. जरा आत घेता का?"

"तसं मला घेता येणार नाही. इमारतीच्या दर्शनी भागावर काहीही टांगायचं असेल तर सभेचा ठराव लागतो."

"मी टांगलेली नाही, ती पडली."

"पडलेली वस्तू खाली असते, साहेब. ही टांगलेली आहे."

"बरं, मग काढून घ्या!"

"आता ती दर्शनी भागाचाच हिस्सा झाली म्हटल्यावर काढायलाही ठराव लागेल. त्याशिवाय मी हात लावला आणि रोप दगावलं, तर जबाबदारी कुणाची?"

मी कठड्यावरून ओणवा, मुठीत मोज्याचा काठ, वाऱ्याने केस उभे, आणि खाली चार माणसं जमलेली. मोजणी कार्यालयाचा माजी प्रमुख! याच गावात एके काळी मी चालत आलो की लोक आपापल्या कुंपणाकडे संशयाने बघत. आता माझ्याकडे बघत होते.

"धरून ठेवा शेजारी!" गाव्रा खालून गरजला. "मी आलो!"

तो शिडी घेऊन आला, वर चढला, आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत वेल छाटायच्या कात्रीने त्याने दोरा कचकन कापला. पेला त्याने झेलला. मग उरलेला लोंबता दोरा इमारतीची शोभा घालवतो म्हणून तोही ठिकठिकाणी कापून काढला.

"वाचवली!" त्याने मिरची उंच धरली. खालच्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने आमच्या स्वयंपाकघरात सभा भरली. मी बोलावली नव्हती. गाव्रा मिरची आणि लोकरीचे तुकडे परत करायला आला. येताना हाताचा कंप थांबावा म्हणून घरची जर्दाळूची दारू घेऊन आला. कंप माझ्या हाताला होता, दारू तो पीत होता. पेर्सिदा आजी काठी टेकत उतरल्या, कारण त्यांना ओरडा ऐकू आला होता आणि आरपार वाऱ्याने कुणीतरी गेलं असावं अशी त्यांची खात्री होती. तिहोमिर साहेब माझा जबाब घ्यायला आले आणि कॉफी घेतो म्हणाले.

"संध्याकाळी विदा येईल," मी म्हणालो. "आणि उद्या त्या नव्या बाई सगळ्यांमध्ये एका मोज्यानिशी बसतील."

पेर्सिदा आजींनी माझ्या मुठीतला काठ घेतला आणि बोटांनी चाचपला. "टाके जिवंत आहेत अजून," त्या म्हणाल्या. "सुया दे." आणि त्या धुरकट डोळ्यांनी छताकडे बघत त्यांनी एकेक टाका सुईवर चढवला. मी म्हटलं, "आजी, तुम्हीच विणा ना."

"बोटं आखडतात रे. एवढंच जमतं आता. विणायचंस तू. मी सांगते. पकड सुई. अशी नाही, गाढवा, काय दाढी करतोयस? हं. सुलट, सुलट, उलट, उलट."

आयुष्यभर मी हाताखालच्यांना "मोजा, मोजा" म्हणून हुकूम सोडले. मोज्याने माझ्यावर असा सूड घ्यावा! सुया चार, हात दोन, आणि सल्लागार तीन. मी सुईला सुई लावली की तिसरी निसटायची आणि टेबलाखाली जायची. गाव्रा म्हणायचा, "सैल सोडा शेजारी, चाक सैल धरायचं असतं." तिहोमिर साहेब म्हणायचे, "आधी दोन सुलट, मग दोन उलट असं ठरलंय, तर मध्ये तीन सुलट कुठून आले? आपण ठरल्याप्रमाणे जाऊ." शिवाय आजी मधूनच आपल्या लग्नाची गोष्ट सांगायच्या. गोष्ट रंगात आली की सुलट-उलट विसरायच्या आणि मीही गोष्टच विणत जायचो. त्यांच्या सासूने लग्नाच्या दिवशी त्यांच्या मावशीला जी खुर्ची दिली नाही, ती त्या मोज्यात स्पष्ट दिसत होती. तिथे एक भोक होतं.

प्रत्येक तुकडा संपला की पुढच्याला गाठ मारावी लागे. म्हाताऱ्या पायाला टोचू नये म्हणून मी सगळ्या गाठी बाहेरच्या बाजूला काढल्या.

मध्येच फोन वाजला. विदा.

"काय करतोयस?"

"बसलोय." हे खरं होतं.

"रोपं?"

"हवा खातायत."

रोपं! मी गाव्राला खूण केली. तो गॅलरीकडे पळाला.

"उलट, गाढवा, उलट!" पेर्सिदा आजी ओरडल्या.

"हे कोण?" विदाने विचारलं.

"रेडिओ."

"रेडिओवर 'उलट, गाढवा' म्हणतात?"

"वाहनचालकांसाठी कार्यक्रम लागलाय."

मग तिचा आवाज मऊ झाला. "कोसारा अजून आतच आहे. मी बाहेर बाकावर बसलेय. बरं वाटतं रे, निदान घरी तरी सगळं शांत आहे म्हणून."

मी फोन ठेवला. आतापर्यंत मला फक्त माझ्या अब्रूची काळजी होती. आता विदाची वाटू लागली. मी सुया उचलल्या आणि मान वर न करता विणू लागलो. सुलट, सुलट, उलट, उलट.

गाव्रा रोपं आणि त्यांच्या गळ्यातून सोडवलेली लोकर आत घेऊन आला. उन्हाने आणि वाऱ्याने त्यांनी माना टाकल्या होत्या, अगदी मॅच हरून आलेल्या संघासारख्या. "घाबरू नका," तो म्हणाला, "माझ्याकडे खाजकुयलीच्या पाल्याचं कुजवलेलं पाणी आहे. मेलेला उठून बसतो." ते पाणी घातल्यावर स्वयंपाकघरात गोठ्याचा वास सुटला आणि खिडकी उघडायची तर आजी ओरडल्या. रोपांना आता वारा नको होता, ऊनही नको होतं. दोन खिडक्यांच्या रेषेत न येणारी जागा घरात एकच होती, हे मी मोजून सिद्ध केलं. ती म्हणजे आमचा पलंग. आम्ही वर्तमानपत्रं पसरली आणि सगळ्या मिरच्या तिथे निजवल्या.

आणि मग टाच आली.

"आता टाच वळवायची," पेर्सिदा आजी म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

"मग सांगा."

"टाच माझी सासू वळवायची. मला कधी शिकवली नाही मेलीने. म्हणायची, टाच शिकलीस की तुला माझी गरज उरणार नाही."

"आणि ती गेल्यावर?"

"विकतचे घातले."

आम्ही पूर्ण झालेला मोजा मध्ये ठेवला आणि त्याच्या टाचेकडे बघत बसलो. मी पट्टी आणली, टाचेची लांबी घेतली, कोन घेतला, कागदावर आकृतीही काढली. आकृती फार सुंदर झाली. पण आकृतीपासून लोकरीपर्यंत जायचा रस्ता सापडेना.

"टाच लागतेच कशाला?" गाव्रा म्हणाला. "पाय घातला की टाच आपोआप येते. माणूस स्वतःची घेऊन येतो."

तिहोमिर साहेबांनी घसा साफ केला. "माझी सूचना आहे की टाचेचा विषय तूर्त पुढे ढकलावा आणि बाकीचं काम चालू ठेवावं."

सूचना एकमताने संमत झाली. आम्ही पुढे गेलो. पण एकदा टाच नाही म्हटल्यावर पंजा कुठे सुरू होतो तेही कळेना, आणि पंजा सुरू झाला नाही तर तो संपणार कुठे? बंद कसा करायचा हे आजींना ठाऊक होतं, पण कधी करायचा ते कुणालाच नव्हतं. मोजा वाढत गेला. माझ्या कोपरापर्यंत आला. मग पुढे गेला. लोकर संपली तेव्हा कुठे तो थांबला.

त्याच क्षणी दारात किल्ली फिरली.

माणसं किती चपळ असू शकतात! ज्या पेर्सिदा आजींना एक जिना उतरायला पाव तास लागतो, त्या मला दिसल्याच नाहीत. तिहोमिर साहेब "आपला जबाब नंतर" असं पुटपुटत भिंतीला घसटून गेले. गाव्रा दारूची बाटली विसरून, मग परत येऊन ती घेऊन, विदाला "बहीण बरी ना?" विचारून गेला.

विदाने हवा हुंगली. बेडरूममध्ये डोकावली. तिच्या उशीवर टेकून झोपलेल्या मिरच्या पाहिल्या. मग ती टेबलाशी आली, कोट न काढता बसली आणि तो मोजा उचलला. ताणला. वळवला. आत हात घातला. तो तिच्या खांद्याजवळ येऊन थांबला.

"टाच कुठाय?"

"तो विषय पुढे ढकललाय," मी म्हणालो.

मला वाटलं ती हसेल. ती ओरडली असती तरी चाललं असतं. ती मोज्याकडेच बघत राहिली.

"कोसाराचं नीट झालं," ती शेवटी म्हणाली. "दिवसभर मी त्या बाकावर बसून एकच विचार करत होते. घरी गेलं की खुर्चीत बसायचं आणि ते टोक विणायचं. कुणाशी न बोलता. एवढंच हवं होतं मला आज."

मी टेबलाखाली पडलेली सुई उचलून तिच्यासमोर ठेवली.

तिने मोजा दुमडून पिशवीत टाकला. "उद्या तू पण येणार. हा तू तुझ्या हाताने त्यांना द्यायचास."

सकाळी रोपं उठून बसली होती. गाव्राचं पाणी खरंच भारी असावं. फक्त आता प्रत्येक रोप वेगळ्या दिशेला झुकलं होतं. गाव्राच्याच गाडीतून आम्ही निघालो. मंडळाच्या बायका आधीच आश्रमाच्या फाटकाशी उभ्या होत्या. विदाने त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण शहर लहान आहे आणि पेर्सिदा आजींकडे टेलिफोन आहे. माझ्याकडे बघून त्या एकदम हवापाण्याबद्दल बोलू लागल्या.

आश्रमाच्या व्यवस्थापिकाबाईंनी आम्हाला दारातच अडवलं. "रोपं आत न्यायला हरकत नाही. पण बाहेरची माती आत आणता येत नाही. नियम आहे."

"माती मुळांना चिकटलेली असते," मी म्हणालो.

"ते रोपांनी बघावं."

शेवटी सगळा समारंभ अंगणात, लिंडेनच्या झाडाखाली झाला. म्हाताऱ्यांनी मोजे घेतले, आभार मानले आणि सरळ मिरच्यांवरून भांडायला सुरुवात केली, कारण एकाची दोन पानांनी मोठी होती. मी कुंपणाशी रेंगाळत होतो. विदाने लांबून हनुवटीनेच एका बाकाकडे खूण केली.

मार्गितबाई ताठ बसल्या होत्या, एकट्या, उंचेल्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. जन्मभर कोर्टात टंकलेखन केलेल्या. दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटं आपोआप टकटक करत होती. समोर यंत्र नव्हतं, तरीही.

मी मोज्यांचा जोड पुढे केला. पहिला त्यांनी पाहून बाजूला ठेवला. दुसरा त्या उलगडू लागल्या. उलगडतच राहिल्या.

"हे काय?"

"मोजा."

"कुणी केला?"

"मी," मी म्हणालो.

"एकट्याने?"

"नाही. समिती होती."

"दिसतंय." त्यांनी तो उजेडात धरला. भोक पाहिलं. बाहेर काढलेल्या गाठींवरून बोट फिरवलं. मग केसातली पिन काढली, शेवटचा टाका शोधला आणि दोरा ओढला.

सर्र सर्र मोजा उसवू लागला. मी "अहो!" म्हणालो. काही झालं तरी एका अखंड दिवसाचं काम होतं ते. माझ्या छातीत कळ आली. ती रक्तदाबाची नव्हती.

"हात पुढे करा," मार्गितबाई म्हणाल्या.

"आं?"

"दोन्ही. लांब. अंगठे वर. बसा इथे." मी बसलो. त्या माझ्या दोन्ही हातांभोवती लोकर गुंडाळू लागल्या, भराभर, मान न हलवता. "मी इथे आले तेव्हापासून सगळे मला आयत्या वस्तू आणून देतात. शाल देतात, चपला देतात, चहा ढवळून देतात. विणायला कुणी काही देत नाही. सुया आणल्या होत्या, त्या दारातच काढून घेतल्या. टोकदार म्हणून."

माझ्या मागून एक हात पुढे आला. विदाचा. हातात तिच्या पिशवीतल्या सुया.

व्यवस्थापिकाबाई अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आल्या. "टोकदार वस्तू! रहिवाशांजवळ टोकदार वस्तू ठेवता येत नाही!"

"या रहिवाशाजवळ नाहीत," मार्गितबाई शांतपणे म्हणाल्या. "सुया या गृहस्थांच्या आहेत. गृहस्थ पाहुणे आहेत. पाहुण्यांना आपल्या सुया घेऊन बाकावर बसायला मनाई करणारा नियम असेल तर मला लेखी दाखवा. तोवर मी त्यांच्या सुया त्यांच्या देखरेखीखाली वापरते आहे. ते गेले की सुया जातील. ते आले की येतील."

"म्हणजे हे पुन्हा येणार?"

"टाच एका दिवसात शिकता येत नाही," मार्गितबाई म्हणाल्या. "का हो, येणार ना?"

"येणार," मी म्हणालो. मला कुणी असं काही विचारून बरेच महिने झाले होते.

व्यवस्थापिकाबाई नियमांची फाइल बघायला आत गेल्या. अंगणात मिरच्यांचं भांडण मिटत आलं होतं. मी हात पुढे करून बसलो होतो, मनगटांना लोकरीचा फास. ना उठता येत होतं, ना पाय बदलता येत होता. लिंडेनच्या पानांतून ऊन येत होतं आणि दोरा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात होता. मी त्याच्याकडे बघत होतो. किती वेळ गेला कोण जाणे.

मग माझ्या नाकाला खाज सुटली.

मी नाक आक्रसलं. फुंकर मारून पाहिली. विदा बाजूला उभी राहून बघत होती. कालपासून ती माझ्याशी जेमतेम चार वाक्यं बोलली होती. मग ती वाकली आणि एका बोटाने माझं नाक खाजवू लागली. तिचे खांदे हलत होते. मी वर पाहिलं. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"डावीकडे," मी म्हणालो. "जरा डावीकडे."

"बोलू नका," मार्गितबाई म्हणाल्या. "बोललं की हात हलतात."